माझ्या टेपचं माप

४ जून, मंगळवार
एकतीस! चौतीस आठवडे झाले आणि पोटाची उंची एकतीस सेंटीमीटर; जितके आठवडे तितके सेंटीमीटर हवेत म्हणे. सिस्टर बोआतेमाने दोनदा मोजलं. कार्डावर आकडा लिहिला, भोवती लाल गोल काढला. "सेरवा, बाळ हवं तसं वाढत नाहीये. कुमासीला मोठ्या दवाखान्यात जा, सोनोग्राफी करून ये."
म्हटलं, जाते. म्हणायला काय जातं!
तिची टेप म्हणजे प्लास्टिकची पट्टी, कागदासारखी. तिने मी अस्तरसुद्धा बेतणार नाही. घरी येऊन आडवी झाले आणि माझ्या टेपने मोजलं – तेहतीस. माझी टेप कापडी, जाड. ईस्टरला पाम तेलाचा रस्सा सांडला तर सोडा घालून उकळून काढली, एक आकडा पुसला नाही. सतरा वर्षं माणसं मोजतेय. बोआतेमा फक्त मंगळवारी मोजते.

६ जून
सासूबाईंना सांगितलं.
"लहान आहे? मग बरंच की! सुखानं सुटशील. तुझा नवरा ओसेई साडेचार किलोचा होता, मी अजून विसरले नाहीये."
सिस्टर म्हणते रोज दोन अंडी खा. सासूबाई म्हणतात, गरोदर बाईने अंडी खाल्ली की पोर चोर निघतं. मी दुकानात पडद्यामागे लपून खाते. पोराचं पुढे बघू, आत्ता तरी चोर मीच.

७ जून
एका गिऱ्हाइकाच्या पिवळ्या कापडाचा तुकडा उरला होता. झबलं होईल एवढा. कात्री लावणार तोच सासूबाई दारात! "ठेव ती कात्री. आठ दिवसांचं होईपर्यंत ते पाहुणं. राहायचं की जायचं ते त्याचं ते ठरवेल. आधी काही शिवायचं नाही."
अख्ख्या गावाची पोरं माझ्या हातच्या कपड्यांत वाढली. तुकडा घडी करून खणात ठेवला.

११ जून
साडेतेहतीस. पोट फुगवलेलं नव्हतं. (थोडं.)

१३ जून
आक्राच्या गिऱ्हाइकाचा, आडोमाचा फोन. तिचं २९ला लग्न. तिने फोनवरच मापं सांगितली – कंबर अठ्ठावीस, लांबी अठ्ठावन्न – आणि कापड बसने पाठवलं. म्हणे, "आंटी, घाई करा." सुती कापड आधी भिजवल्याशिवाय मी कात्री लावत नाही, हे तिला ऐकवलं. आटतं ते. नंतर मला बोल नको.

१८ जून, मंगळवार
छत्तीस आठवडे. सिस्टर म्हणते बत्तीस.
"सोनोग्राफी केलीस?"
"गाडी मिळाली नाही."
खोटं. कुमासीच्या ट्रोट्रो गाड्या माझ्या दुकानासमोर थांबतात. कंडक्टर हाका मारून मारून कान किटवतात.
घरी चौतीस. तिला तोंडावर सांगितलं होतं, "तुमची टेप तपासून घ्या." ती हसली नाही.
इथे लिहिते, कुणाला सांगणार नाही – मला भीती वाटते. घरी मोजलं की वाढतं. तिथे मोजलं आणि नाही वाढलं तर? ओसेई कोकोचा ट्रक घेऊन बंदरावर गेलाय. त्याला फोनवर सांगितलं, सगळं ठीक.

२२ जून, शनिवार
आडोमाचा फोन. रडत होती.
"आंटी, हा ड्रेस कुणाचा पाठवलात? कंबरेची चेन लागत नाही!"
"जाड झाली असशील."
"घोट्याखाली यायला हवा तो नडगीवर आलाय! मी काय उभी जाड झाले?"
मी फोन ठेवला. कॉलर आखायची बारा इंची लाकडी पट्टी काढली आणि टेपला लावून बघितली. पाच पट्ट्या म्हणजे साठ इंच. टेपचे साठ साडेछपन्नातच संपले.
पुन्हा लावून बघितली. साडेछपन्न.
उकळताना आटली. गावात कुणाला कळलं नाही, कारण मोजायचीही तीच आणि बेतायचीही तीच. बाहेरून फक्त दोन मापं आली – आडोमाची आणि सिस्टरची.
सतरा वर्षं गिऱ्हाइकांना सांगतेय, सुती आहे, आटतं! टेप सुतीच आहे.
अठरा दिवस मी घालवले. मी. दुसऱ्या कुणी नाही.

२३ जून
पहिली ट्रोट्रो पकडली. निघताना सासूबाईंना सगळं सांगून टाकलं. त्यांनी फडक्यात काहीतरी बांधून हातात दिलं. गाडीत उघडलं. सहा उकडलेली अंडी.

२४ जून
सोनोग्राफी झाली. वारेतून बाळाला पुरेसं मिळत नाहीये. इथेच राहायचं, रोज ठोके ऐकणार. डॉक्टर पोरगेलासा आहे. "आधी का नाही आलात?"
"टेप आटली."
त्याने नर्सकडे बघितलं.

२७ जून
आज बाळ कमी हललं. दुपारपासून चार वेळा. उद्या सकाळी काढणार. ओसेई निघालाय.

२८ जून, शुक्रवार
मुलगी. एक किलो नऊशे. लगेच रडली नाही.
मग रडली.

१ जुलै
कापडाने माझ्या छातीशी बांधून ठेवलीये, दिवसभर. दूध ओढताना दमते, झोपते. शुक्रवारची म्हणून नर्सा तिला अफुआ म्हणतात. घरचं कुणी तिला नावाने हाक मारत नाही. सासूबाई "पाहुणी" म्हणतात आणि लांबूनच बघतात. ओसेई तर बघतही नाही, भिंतीकडे तोंड करून उभा असतो. रोज वजन होतं. मी आकडा विचारत नाही.

४ जुलै
घरी सोडलं.

५ जुलै, शुक्रवार
आठवा दिवस. पाहुणी राहिली.
नाव ठेवलं – अफुआ बोआतेमा. सिस्टर आली होती, टेप आणली नव्हती.
सगळे गेल्यावर सासूबाईंनी खणातला पिवळा तुकडा काढून माझ्या मांडीवर टाकला. "शिव आता. आणि सैल शिव गं, वाढेल ती."