कड्यातल्या भिंतीवरची बोटं

५ डिसेंबर २००४, रविवार. हिंगोली

अमेरिकेतून मिलिंददादाचे फोटो आले. वाळवंटातल्या लाल कड्याच्या कपारीत तिथल्या प्युब्लो आदिवासींनी शेकडो वर्षांपूर्वी बांधलेली दगडमातीची घरं. आई एकाच फोटोवर अडली. गिलाव्यात कुणाची तरी बोटं उमटलेली. पुसेगावात जन्मभर भिंती लिंपलेली बाई ती! म्हणाली, "बाईचाच हात हाय. हिलाबी सही येत नसंल."

म्हणजे दादाकडे जाण्यासाठी आणलेला तिचा पासपोर्टचा फॉर्म दोन वर्षं पडून होता तो यासाठी? अंगठ्याची लाज? आणि मी समजत होते, दादावर राग आहे. मला कसं कळलं नाही?

आईनं फोटोतल्या बोटांवर आपली बोटं ठेवून पाहिली. "आण तो कागद." अंगठा चांगला दाबून लावला. मी फॉर्मची घडी घालायला गेले, तर ओरडली, "हात नको लावू, वाळू दे!"