बिनशेपटीच्या फाइली

५ मार्च २००४
आजपासून रोज डायरी लिहिणार. ऑफिसात टीम लीडरची जागा रिकामी आहे. आमचे मालक राजाभाऊ पाडव्याला नाव जाहीर करणार. उमेदवार दोन. मी आणि मथुरा. म्हणजे एकच.

६ मार्च
सुचलं! आमचा चेकर नावाचा प्रोग्रॅम रोज संध्याकाळी सगळा कोड आपोआप तपासतो. नियम मोडलेली ओळ लाल. पण फाइलच्या नावाला शेपूट, म्हणजे शेवटी टिंब आणि दोन-तीन अक्षरं, असेल तरच बघतो. बॅकअप घेणाऱ्या, आंब्याच्या पेट्यांची लेबलं छापणाऱ्या बारक्या स्क्रिप्ट बिनशेपटीच्या. तिकडे कोणी फिरकलेलंच नाही. त्या चेकरखाली आणायच्या आणि लीडर व्हायचं. मथुरा म्हणाली, मुकुल, आधी गुपचूप चालवून बघ हां. जळते.

९ मार्च, सकाळ
दोन तासांचं काम. आज संपवतो.

९ मार्च, संध्याकाळ
चहा चार वेळा झाला. विचार पक्का झालाय.

१२ मार्च
स्क्रिप्ट उघडून पाहिल्या. काय ती घाण! सगळ्या १९९९ च्या. तेव्हा ऑफिसात मी आणि राजाभाऊ दोघंच, म्हणून खात्रीने सांगतो, तेव्हा कोणालाच काही येत नव्हतं. अशी घाण करणाऱ्या माणसाला क्षमा नाही.

१७ मार्च
काम फत्ते. एकूण चार ओळी. लाल ओळीपुढे लिहिणाऱ्याचं नाव आपोआप यावं, अशी सोयही घातली. ट्रायल घेतली नाही. ट्रायल घेणं म्हणजे स्वतःवर अविश्वास.

१८ मार्च
झोप नाही. व्हिजिटिंग कार्डावर लीडर इंग्रजीत की मराठीत?

२० मार्च
उद्घाटन. देवापुढे नारळ ठेवल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाय, असं राजाभाऊ म्हणाले. देवाला गाऱ्हाणं घालताना ते नेहमी चूकभूल पदरात घे म्हणतात. मीच सुचवलं, आज जरा कडक घाला. मग त्यांनी घातलं : बा देवा महाराजा, ज्याने कोणी ह्या फाइलींत घाण केली असेल, त्याचं नाव चारचौघांत उजेडात आण. सगळे एकदम म्हणाले, होय महाराजा! सगळ्यांत मोठा आवाज माझा.
बटण दाबलं. चारशे बारा लाल ओळी. चारशे नऊ वेळा मुकुल.
उरलेल्या तीन मथुराच्या, हे मी लगेच निदर्शनास आणलं. राजाभाऊ म्हणाले, गेल्या मोसमात लेबलं उलटी छापत होती, ती त्याच तीन ओळींनी सरळ झाली.
कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

२१ मार्च, पाडवा
सकाळी ऑफिसात पूजा. लीडर मथुरा. पहिलं काम तिने मलाच दिलं : चारशे नऊ ओळी. दोन दिवसांत उरकतो म्हणालो. ती म्हणाली, महिना घे.
सगळे श्रीखंडाला घरी गेले. मी मागे राहिलो. फार वाईट वाटत होतं. ऑफिसातल्या देवासमोर हात जोडून नेहमीचं गाऱ्हाणं घातलं, चूकभूल पदरात घे रे महाराजा.
होय महाराजा म्हणायला कोणी नव्हतं. मग मीच म्हणालो, हळू.