उशीराजाचा बोजारा

१२ ऑगस्ट १९७३

झालं! 'हो' म्हणून बसलो. शेजारच्या सत्यवतीबाई, शाळेत शिकवतात, त्या तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल मिरवतात तेव्हा, गल्लीतल्या मुलांचं नाटक बसवताहेत. त्यात एक उशीराजा आहे. मुकुटाऐवजी डोक्यावर उशी बांधतो — झोप कधी येईल सांगता येत नाही म्हणून! खुर्चीत बसण्याआधी खुर्चीची परवानगी घेतो. तो मी!

"मीच काहून?" विचारलं, तर बाई हसल्या. "तुम्हाले काही वेगळं करा लागत नाही जी!"

याचा अर्थ काय घ्यायचा?

नात कुंदा मुख्य भूमिकेत आहे — वाट चुकलेली मुलगी. नाही म्हणता येईना.

१४ ऑगस्ट

नाटकाचं मूळ पुस्तक आणलं. चौथीपर्यंतच शिकलो, एका पानाला तास लागतो. चित्रातला राजा काडीसारखा. रेडिओवरच्या श्रुतिकेत तो किरकिऱ्या आवाजाचा होता, असं कुंदा सांगते. मी काडी नाही, किरकिरा नाही. लोक कोणता खरा धरतील?

१९ ऑगस्ट

"खुर्चीबाई, बसू का?" एवढंच वाक्य. तोंडातून "बसा" येतं!

ही स्वयंपाकघरातून, "त्या खुर्चीले तरी चैन पडू द्या जी!"

२४ ऑगस्ट

पुस्तकातली मुलगी पांढऱ्या घोड्यावर येते. घोडा आणायचा कुठून? बाई म्हणाल्या, पोळ्याचे दिवस आहेत, लाकडी बैल चालेल. म्हणजे कुंदा आपलाच बैल ओढत येणार आणि घरची वाट विचारणार. तोवर मी गुपचूप बसायचं.

तिने बोट नाचवून दम दिला — "आबाजी, मी विचारल्याशिवाय उठू नका. नाटक बिघडलं तं मी तुमच्याशी बोलनार नाही!"

२८ ऑगस्ट

पोळा. काळजीने पुरणपोळी उतरेना. चारच खाल्ल्या.

२९ ऑगस्ट, तान्हा पोळा

लिहायची लाज वाटते.

पडदा उघडला. खुर्चीची परवानगी बरोबर घेतली! लोक हसले. बरं वाटलं. मग कुंदा बैल ओढत आली, माझ्यासमोर थांबली — आणि मी उठलो!

काय करू? जन्माची सवय. तान्ह्या पोळ्याला मूल बैल घेऊन दारात आलं, की हात आपोआप बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, द्यायला खिशात जातो. घशासाठी ठेवलेल्या खडीसाखरेचा खडा तिच्या हातावर ठेवला. बैलाला नमस्कारही केला. कुंदा डोळे वटारून पाहते आहे, हे मला नमस्कार झाल्यावर दिसलं.

तेवढ्यात प्रेक्षकांतली एक चिमुरडी आपला बैल घेऊन स्टेजवर चढली. "राजे, मले बी बोजारा!" तिच्यामागे सगळ्या गल्लीची पोरं! बैलांची रांग लागली. खडीसाखर संपली. एकाला दिलं, दुसऱ्याला नाही, असं कसं चालेल? डोक्यावरची उशी सोडली, फाडली, आणि मूठमूठ कापूस वाटला!

कुंदाला घरची वाट विचारताच आली नाही. पडदा पाडावा लागला.

३० ऑगस्ट

कुंदा बोलत नाही. हीसुद्धा बोलत नाही. उशी हिची होती.

२ सप्टेंबर

सत्यवतीबाई आल्या. मी मोरीत लपलो.

"बाहेर या जी! इतवारीच्या मंडळवाल्यांनी गणपतीत हेच नाटक मागतलं. पन कापूस वाटला तसंच पाहिजे म्हनतात!"

बाईंनी नाटकाची वही पुढे केली. त्यात पेन्सिलीने नवं लिहिलेलं — राजा उठतो. बोजारा देतो. उशी फाडतो. अक्षर कुंदाचं!

दाराआडून तिचा आवाज आला, "खडीसाखर जास्त ठेवजा, आबाजी."

बोलली! मोरीत परत गेलो, डोळे धुतले.

४ सप्टेंबर

तालीम. कुंदा बैल घेऊन आली, समोर थांबली. बाई थांबल्या. सगळे राजा उठण्याची वाट बघू लागले. मी गुपचूप बसून राहिलो — तिने विचारल्याशिवाय उठायचं नाही, हे आता कुठे पाठ झालंय!