सामाईक ऊन

२९ जानेवारी १९९२
आली! सूर्यचूल एक, काळे डबे चार, आरसा एक — तडा नाही. सरकारी सवलत वजा जाता पाचशे ऐंशी. हमाली पाच. सगळे माझ्या भाजीच्या पैशांतून साठलेले. गॅस नोंदवून महिना झाला, रॉकेलला रांग. आता सूर्यनारायण शिजवील.
शिरढोणहून दादाचं कार्डही आलं. बाबांच्या घराचं हक्कसोडपत्र तयार आहे, येऊन सही कर म्हणतो. करून टाकीन. भावाशी काय वाटणी!

३१ जानेवारी
आमचे हे सोसायटीचे सेक्रेटरी ना! चूल गच्चीवर ठेवू का विचारलं, तर म्हणे, "गच्ची सामाईक आहे. सभासदानं अर्ज करायचा."
करते म्हटलं.
"सभासद मी आहे. तू नाहीस."
मग तुम्ही करा!
"सेक्रेटरीनं स्वतःलाच अर्ज करायचा? लोक हसतील."
आत्ता काय रडताहेत? गच्चीवर टीव्हीच्या अँटेनांचं जंगल झालंय. त्यांचे अर्ज कुठल्या फायलीत आहेत?

४ फेब्रुवारी
गॅलरीत ठेवून पाहिली. तिथं ऊन जेमतेम तासभर. संध्याकाळपर्यंत तांदूळ नुसते फुगले.

१० फेब्रुवारी, रथसप्तमी
नेहमीप्रमाणे बायकांनी गच्चीवर गोवऱ्या पेटवल्या, दूध उतू जाऊ दिलं. जाळ चालतो, धूर चालतो — अर्ज नको! मीही चूल वर नेली. भोवती रांगोळी, वर हळदकुंकू, आत नैवेद्याची खीर. चेअरमनच्या सुमतीवहिनी बोट लावून चाखत म्हणाल्या, "अगंबाई! थेट देवानंच शिजवली की!"
येताना चूल तिथंच ठेवली. पूजेची वस्तू हलवायची कुणाची छाती आहे?

१३ फेब्रुवारी
छाती नाही, कमिटी आहे! मीटिंगमध्ये चेअरमन म्हणाले, "पूजा झाली, म्हणजे ती सर्वांची." ठराव पास — चूल सोसायटीची, सणावारीच वापरायची, कुलूप लावायचं. किल्ली सेक्रेटरींकडे.
हे घरी येऊन किल्ली नाचवत म्हणाले, "मिळाली ना जागा तुझ्या चुलीला?"
धन्य! माझी होती तेव्हा ऊन नव्हतं. ऊन मिळालं, तर चूल माझी नाही.

१४ फेब्रुवारी
हे ऑफिसात गेले. किल्ली खुंटीवरच होती. चूल खाली आणली, गोणपाटात बांधली.
मग दादाला कार्ड टाकलं — "हक्कसोडपत्रावर सही करणार नाही. अंगणातला माझा भाग मला हवा आहे. चूल घेऊन येते, राहायलाच. उलट टपाली कळव."