जाळीवरची मोहफुलं

प्रिय नंदिनी,

पोंभुर्ण्याकडे सध्या मोह पडतोय. पहाटे रानात गेलं की जागेपणीही झोपेत चालल्यासारखं वाटतं. फिकट पिवळी फुलं वरून अलगद सुटतात आणि झाडाखाली बांधलेल्या जाळीवर क्षणभर हलून थांबतात. हवेत तोच गोड, जडसर वास. बायका बोलत नाहीत, नुसत्या वेचत राहतात. अशा वेळी या तीन वर्षांत कितीदा तरी वाटलं, पलीकडच्या झाडाखाली तू वाकलेली आहेस.

आपण मोहाच्या लाडवांचा उद्योग सुरू केला तेव्हा नियम एकच ठरवला होता. पाला जाळून वेचलेली फुलं घ्यायची नाहीत. जाळलं की फुलं चटकन दिसतात, पण त्या आगीत कोवळी रोपं जातात, पाखरांची घरटी जातात. आपल्याकडे लाडू वळायला येणाऱ्या बुधरीबाईंच्या गावामागचं जळालेलं टेकाड आपण दोघींनी पाहिलं होतं. जाळ्यांची कल्पना तुझीच.

म्हणूनच तू बाजारातून आणलेल्या पोत्यात राख सापडली, तेव्हा माझा तोल गेला. ऑर्डर अडली होती, बायकांचं काम बंद पडलं असतं, हे तू सांगत होतीस. मी ऐकलं नाही. सगळ्यांसमोर पोतं अंगणात उलटं केलं आणि म्हणाले, अशा माणसाबरोबर मला काम करायचं नाही. तू बॅग उचललीस आणि चंद्रपूरच्या बसमध्ये बसलीस.

आता माझं ऐक. मागच्या हंगामात गारपिटीनं मोह झडला. दिवाळीआधीच साठा संपला आणि नागपूरच्या एका दुकानाला लाडू हवे होते. मी बाजारातून पोती आणली. पहिलं उघडताच धुराचा वास आला. मला कळलं होतं, नंदिनी. तरी मी फुलं तीनदा धुतली, गूळ जरा जास्त घातला आणि खोकी रवाना केली. उरलेला एक लाडू बुधरीबाईंनी तोंडात टाकला. मग म्हणाल्या, "बाई, याले धूर लागून राह्यला." पदर झटकून घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी कामाला कोणीच आलं नाही.

मी दुकानदाराला फोन करून खरं सांगितलं, खोकी परत मागवली. त्यांनी पुन्हा कधी ऑर्डर दिली नाही. मग बुधरीबाईंच्या अंगणात जाऊन सगळ्या बायकांसमोर कबूल केलं. आठवड्यानं त्या परतल्या. आता लाडू थोडेच होतात, आठवडी बाजारातच खपतात. पण हाताला पुन्हा काम गोड लागतं.

हे पत्र मात्र त्यासाठी नाही. कबुली देऊन मी निघाले, तेव्हा बुधरीबाईंनी मला बसवलं, तांब्याभर पाणी पुढं केलं आणि म्हणाल्या, "नंदिनीबाई गेली, तवा तिले कोनी पानी बी नाई इचारलं." मी तांब्या खाली ठेवला. नियम बरोबरच होता गं. पण मी चुकले तर मला बसायला अंगण मिळालं, आणि तुला मी उन्हात एकटीला बसथांब्यावर जाऊ दिलं. मला माफ कर. ये किंवा नको येऊस, ते तू ठरव. पण आलीस, तर या वेळी मी दारात उभी असेन.

तुझीच,
दीपाली