बाबांचा डावा हात

६ जानेवारी

फिजिऑलॉजीचं प्रॅक्टिकल, बीपी. पार्टनर सायंतनी, म्हणजे तिचा दंड माझ्या ताब्यात आणि माझा तिच्या. कफ बांधायचा, मनगटावर नाडी धरायची, फुगवत जायचं, नाडी गेली की आकडा बघायचा. मग सगळी हवा सोडायची, त्या आकड्याच्या थोडं वर पुन्हा फुगवायचं आणि या वेळी स्टेथोने ऐकायचं. एकाच कामासाठी दोन खेपा. मी विचारलं, नुसतं ऐकून का नाही चालत? सेन मॅडम म्हणाल्या, "आगे पाल्स. आधी नाडी. का, ते वाचून या."

मॅडमची खोड अशी की आपण उत्तर दिलं की त्या म्हणतात, "तारपोर?" म्हणजे, मग पुढे? आपण अजून थोडं सांगतो. पुन्हा "तारपोर?" पोतडी रिकामी होईपर्यंत.

सायंतनीचं ११०/७०, माझंही तसंच, वर्गात सगळ्यांचंच तसं. १६० पर्यंत फुगवलं की पुरतं. हाताला तो अंदाज बसलासुद्धा.

(आईने सांगितलंय रोज चार ओळी मराठीत लिही, नाहीतर विसरशील. लिहिते. शिवाय इथे कोलकात्यात कुणाला वाचता येणार नाही, हा फायदा.)

९ जानेवारी

बाबा गोदीतून आले ते तणतणतच. ऑफिसच्या तपासणीत मशीनने बीपी १९२ दाखवलं आणि डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. बाबा खिदिरपूरला लॉकगेटवर, म्हणजे जहाजं गोदीत घ्यायच्या दारांवर, इंजिनिअर. आयुष्य गेजमध्ये गेलं. "गेज कधी खोटं बोलतं ते मला शिकवू नका," असं ते आईला सांगत होते, जणू काही आईनेच मशीन लावलं होतं. आई म्हणाली गोळी घ्या. ते म्हणाले, घरात डॉक्टर असताना परक्याची गोळी कशाला.

डॉक्टर म्हणजे मी. पहिलं वर्ष, चौथा महिना.

चहा पुढ्यात, बाबांनी डावी बाही वर केली. "आटप मनू, गार होतोय." कॉलेजसाठी घेतलेला कफ बांधला, नाडीबिडीची खेप गाळली. थेट स्टेथो. १६० पर्यंत फुगवलं, शांत. सोडत आले. १३८ ला टक. ८८ ला बंद. परत घेतलं, तेच. १३८/८८. किंचित जास्त, पण या वयात चालायचंच.

बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. वर मी ज्ञान पाजळलं की मशीनपेक्षा कान बरा. गोळ्यांची पट्टी फ्रीजवरच्या डब्यात गेली.

१२ जानेवारी

रोज मोजायचं ठरलंय. संध्याकाळचा चहा, डावा हात, १३६, १४०, १३८.

खरं सांगायचं तर आकड्यापेक्षा मला तो हात आवडायला लागलाय. लहानपणापासून बाबा म्हणजे बदली. कोची, विशाखापट्टणम, आता इथे. गेट उघडणार भरतीच्या वेळी, म्हणून यांचं घड्याळ नदीवर. मी शाळेतून यायची तेव्हा ते निघालेले. आता निदान दहा मिनिटं समोर बसतात.

आज त्यांना हृदयाचं चक्र समजावत होते, कारण मलाच समजत नव्हतं. वेंट्रिकल, म्हणजे खालचा कप्पा, आकुंचन पावायला लागतो, मागची झडप मिटते, पुढची अजून उघडलेली नसते. रक्त तेवढंच, दाब मात्र चढत जातो. हे मी चार वेळा पाठ करून चार वेळा विसरलेय. बाबा म्हणाले, "म्हणजे आमचं लॉक. जहाज आत घेतलं, मागचं दार लावलं, पुढचं अजून बंद. आत पाण्याची पातळी बदलायची. बाहेरच्याशी जुळली की मगच पुढचं दार." मी म्हटलं, इथे नुसतं जुळून भागत नाही, आतला दाब वर जायला लागतो, मग झडप आपोआप उघडते. बाबा म्हणाले, मग तुमचं गेट आमच्यापेक्षा हुशार, मोटर लागत नाही. पुढे विचारलं, "आणि बाहेरचंच पाणी कायम वर राहिलं तर?" मी म्हटलं, मग आतल्या भिंतीला रोज जास्त जोर काढावा लागतो, ती जाड होत जाते. ते म्हणाले, हां, बरोबर. आणि चहा प्यायले.

आता विसरणार नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. आईचे तिळगूळ इथल्या नोलेन, म्हणजे खजुरीच्या गुळाचे, चिक्कीचा गूळ इथे कुठला. लाडू बोटाने दाबला की बसतो. सायंतनीसाठी डबा नेला. तिने "गोड गोड बोला" पाठ केलं आणि दिवसभर सगळ्यांना दम दिल्यासारखं म्हणत फिरली.

बाबांची सकाळी मान जड होती. म्हणे चष्म्याचा नंबर वाढला असेल.

१८ जानेवारी

आपल्याकडे हळदीकुंकू. बालीगंजच्या दोन खोल्यांत कोलकात्यातलं निम्मं मराठी मंडळ, बँकवाल्या काकू, आयटीवाल्या वहिनी. वाण म्हणून आईने चहाची गाळणी दिली. पण खरं वाण मीच निघाले. बाबांनी दारातच जाहीर केलं की लेक बीपी बघते. झालं, बांगड्या मागे सारून हात पुढे. सतरंजीवर बसून एकेकीचं घेतलं, सगळं थेट स्टेथोने. सगळ्या नॉर्मल, सगळ्या खूश. देशपांडे काकू म्हणाल्या, इतका हलका हात कुठल्या डॉक्टरचा नाही.

बाबा देशपांडे काकांना सांगत होते, मशीनने मला म्हातारा करून टाकलं होतं, पोरीने सोडवलं. मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मीही उभी राहून ऐकलं.

२३ जानेवारी

सगळे झोपल्यावर लिहितेय.

आज कॉलेजात सरस्वतीपूजा. पिवळी साडी आईची, पिना सायंतनीच्या. इथली रीत अशी की पुस्तकं, पेनं, आमचे स्टेथोसुद्धा देवीच्या पायाशी ठेवायचे आणि त्या दिवशी अभ्यासाला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी पूजा झाली की परत घ्यायचे. मीही ठेवला. फुलांची अंजली, प्रसादाची खिचुडी, फोटो. फार छान दिवस होता, संध्याकाळपर्यंत.

घरी आले तर चहा आणि हात तयार. म्हटलं, बाबा, आज स्टेथो नाही, सरस्वतीकडे आहे. त्यांना चुकल्यासारखं झालं. मलाही. म्हणून म्हटलं थांबा, वरचा आकडा नुसत्या नाडीवर येतो, तेवढा बघू. बोटं मनगटावर ठेवली, फुगवायला लागले.

१४० ला नाडी जायला हवी होती. नाही गेली. वाटलं माझ्याच बोटांची नाडी मला लागतेय. १६०, आहे. १७०, आहे. १८०. बाबा म्हणाले, "आज घट्ट आवळतेयस." मी फुगवत राहिले. १९४ ला गेली.

हवा सोडली. परत केलं. परत १९४.

म्हटलं, कफ नीट बसत नाहीये, उद्या बघू. ते हसले, म्हणाले देवीने सुट्टी दिलीय तर घे की. चहा पिऊन टीव्ही लावून बसले.

मला कारण माहीत आहे. हे सगळ्यात वाईट. जर्नलमध्ये मीच लिहिलंय, लाल रेघ मारून: काही जणांत, विशेषतः बीपी जास्त असलेल्यांत, आवाज वर सुरू होतात, मध्येच नाहीसे होतात आणि खाली पुन्हा येतात. मधल्या शांततेत ऐकायला सुरुवात केली तर वरचा आकडा चुकतो. म्हणून आधी नाडी. मी रोज १६० वर, त्या शांततेच्या मधोमध ऐकायला बसत होते. शांत आहे म्हणजे ठीक आहे, असं धरून चालले होते. पोथीतली वांगी पोथीतच राहिली.

पण हे स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय सांगायचं कसं? उद्या.

२४ जानेवारी

स्टेथो आणला, अजून झेंडूचा वास येतोय. बाबा बूट काढत होते तेवढ्यात म्हटलं, बसा. चहाआधीच.

आधी नाडी. मग २२० पर्यंत. १९६ ला टक, टक, स्पष्ट. १७० ला सगळं गप्प. काटा खाली येतोय आणि काहीच नाही, जणू नळी निसटलीय. १४० ला परत टक. ९० ला बंद.

सांगितलं. आवाज, मधला खड्डा, १६०, सगळं. माझं चुकलं असंही सांगितलं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी. बाबांनी कफ सोडून घडी करून ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे गेज बरोबर होतं."

एवढंच. उठले, स्टुलावर चढून फ्रीजवरचा डबा स्वतः काढला. रागावले असते तर बरं झालं असतं.

२६ जानेवारी

काल आई त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. मला म्हणाली, तू नको येऊस, ते बोलणार नाहीत. गोळी लगेच सुरू. रक्त, ईसीजी, मग इको. दहा-पंधरा दिवसांचा उशीर झाला म्हणून फार बिघडलं असं नाही, म्हणाले डॉक्टर, हे दुखणं वर्षांचं आहे. आईने मला हे दोनदा सांगितलं. माझ्या डोक्यात मात्र ती जड मान आहे. रोज सकाळी ते मान चोळायचे आणि मी दुधाची पिशवी कापत बघायची.

२७ जानेवारी

हळदीकुंकवाच्या यादीवरून सगळ्या काकूंना फोन. मी चुकीच्या पद्धतीने बघितलं होतं, कृपा करून डॉक्टरांकडून मोजून घ्या. बहुतेक जणी हसल्या, अगं एवढं काय. देशपांडे काकू तेवढ्या हसल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस. मी यांची गोळी बंद करायला निघाले होते, तुझ्या बाबांचं ऐकून."

फोन ठेवल्यावर बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

३१ जानेवारी

इको झाला. डाव्या वेंट्रिकलची भिंत जाड झालीय. पंपिंग अजून चांगलं आहे.

घरात नवीन मशीन आलंय. बाबा बटण दाबून स्वतः मोजतात, आकडा आईला सांगतात. आज १६४. माझ्याशी नीट बोलतात, जेवलीस का, परीक्षा कधी. फक्त बाही वर करत नाहीत. चहाच्या वेळी मी समोर बसते आणि हात कुठे ठेवायचे ते मला कळत नाही.

आई म्हणते, रागावलेले नाहीत, घाबरलेत. मला त्यातलं कुठलंच बघवत नाही.

४ फेब्रुवारी

व्हायवा. सेन मॅडमनी नेमकं तेच विचारलं. आधी नाडी का? सांगितलं. "तारपोर?" कुणात जास्त सापडतं ते सांगितलं. "तारपोर?" पुढे पुस्तकात काही नव्हतं. तोंडातून निघून गेलं की मॅडम, माझ्या वडिलांचं बीपी चुकलं माझ्याकडून. थोडक्यात सगळं सांगितलं, मोडक्या बंगालीत, नंतर इंग्रजीत. बाहेरच्या परीक्षक मॅडम कागदाकडे बघत राहिल्या.

वाटलं सेन मॅडम म्हणतील होतं असं, किंवा झापतील. त्या चष्मा काढून पुसत म्हणाल्या, "तारपोर?"

म्हटलं, आता ते हात पुढे करत नाहीत.

"तू विचारलंस?"

नाही.

पुढची मुलगी आत आली. मार्क चांगले पडतील बहुधा. त्याचं काय करू.

८ फेब्रुवारी

आज भरती सकाळी होती, बाबा दुपारीच घरी. इकोचा रिपोर्ट घेऊन खिडकीपाशी बसले होते. मी चहा नेला. विचारायचं ठरवून गेले होते. कपबशीच सरळ करत बसले.

त्यांनीच कागद माझ्याकडे वळवला. जाड भिंतीच्या ओळीवर बोट. "हे तू मला सांगितलं होतंस. बाहेरचं पाणी वर राहिलं तर."

"हो."

"पाणी उतरलं तर परत बारीक होते का?"

महिनाभरापूर्वी मी फाडकन उत्तर दिलं असतं. म्हटलं, दाब खाली राहिला तर होऊ शकते. महिने लागतात. तुमची कितपत होईल ते मला माहीत नाही, बाबा. तिथपर्यंत मला अजून येत नाही.

ते मान हलवत राहिले. खाली रस्त्यावर टॅक्सीवाला कुणाशी तरी भांडत होता, आम्ही दोघांनी ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हटलं, मोजू का? मशीन आहे, तरी.

बाबांनी रिपोर्ट घडी करून खिशात घातला. शर्टाचं बटण काढायला वेळ लागला. डावी बाही वर केली, हात टेबलावर ठेवला, तळवा वर.

"आधी नाडी," ते म्हणाले.

चहा गार होत होता, आज त्यांनी आटप म्हटलं नाही. कफ तसाच बाजूला होता. मी बोटं ठेवली. थोडी शोधावी लागली, मग लागली.