रस्त्यावरही, ट्रॅकवरही

१ मार्च, रविवार
बायकोची बदली पक्की झाली. तिच्या ऑफिसातल्या मोठ्या बाईंनी दुपारी स्वतः फोन करून सांगितलं. मी शेजारीच बसलो होतो, म्हणजे बातमी ऐकीव नाही. रुजू व्हायचं तीस तारखेला, सोमवारी. म्हणजे निघायचं एकोणतीसला.
एकोणतीसलाच ट्रॅक डे आहे, म्हणजे हौशी लोकांना आपली गाडी रेसट्रॅकवर पळवू देतात तो दिवस! तिचं नवं गाव आणि रेसट्रॅक एकाच हायवेवर. गाव आधी, ट्रॅक पुढे अर्ध्या तासावर. सकाळी बायकोला नव्या घरी सोडायचं, तशीच गाडी पुढे ट्रॅकवर घालायची, संध्याकाळी चहाला परत तिच्याकडे. एक गाडी, दोन्ही कामं. लोक ट्रॅकसाठी वेगळी गाडी ठेवतात आणि ती ट्रेलरवर चढवून नेतात. त्यांच्याकडे नियोजन नाही.
माझ्याकडे आहे. कारखान्याच्या डिस्पॅचमध्ये एकोणीस वर्षं काढली. कुठल्या ट्रकमध्ये किती उंच माल भरायचा आणि तो कुठल्या पुलाखालून जाईल, हेच माझं काम. माझा एकही ट्रक आजवर कुठे अडकलेला नाही.
बायकोने विचारलं, तू पण येशील का तिकडे? तुमचा डेपो आहे ना तिथे.
म्हटलं, साहेबांशी बोलतो. ट्रॅक डे होऊन जाऊ दे.
बरं, म्हणाली.
संकल्प: महिन्याभरात गाडी रस्त्यासाठीही तयार, ट्रॅकसाठीही.

२ मार्च, सोमवार
गॅरेजला गेलो. मेकॅनिकला सगळे उस्ताद म्हणतात. माणूस उत्साही. काहीही विचारा, ‘होऊन जाईल’ म्हणतो. माझ्या दोन दारांच्या लाल गाडीभोवती फिरला, बॉनेटवर थाप मारली, म्हणाला, साहेब, हिच्यात वाघ आहे, पण पोट सुटलंय. पहिल्यांदा वजन उतरवू.
कार्पेट काढलं. स्पीकर काढले. मागची सीट काढली, तशीही तिथे फक्त छत्री बसायची. एसीपाशी मी थांबलो. म्हटलं, एसी राहू दे, बायको असते बरोबर. उस्ताद म्हणाला, वहिनी ट्रॅकवर येणारेत का?
मुद्दा बिनतोड होता. एसी काढला.

७ मार्च, शनिवार
नवा एक्झॉस्ट बसला. तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडी चालू केली तर आजूबाजूच्या गाड्यांचे अलार्म वाजायला लागले. बिल्डिंगचे सेक्रेटरी लुंगीवर धावत खाली आले. काय फुटलं, म्हणाले. म्हटलं, काही नाही, पॉवर वाढली. म्हणाले, ती जरा हळू वाढवा.
संध्याकाळी बायकोला चक्कर मारून आणली. ती स्वतःहून चल म्हणाली होती. वाटेत बराच वेळ काहीतरी बोलत होती. एक्झॉस्ट तिसऱ्या गिअरमध्ये काय सुरेख बोलतो! मधेच तिने माझ्याकडे वळून काहीतरी विचारलं. मी अंगठा वर केला. घरी आल्यावर विचारलं, काय म्हणत होतीस? म्हणाली, मिळालं उत्तर.
छान संध्याकाळ गेली.

११ मार्च, बुधवार
ट्रॅकचे ब्रेक पॅड बसवले. हे पॅड तापल्याशिवाय धरत नाहीत आणि थंड असले की किंचाळतात. सकाळी सिग्नलला थांबलो, तर अख्ख्या चौकाने माना वळवल्या. गाडीच तशी आहे. एक टॅक्सीवाला काच खाली करून म्हणाला, काका, तेल घाला. जळतात लोक.
थांबलो असं वर लिहिलं, पण अर्धी गाडी झेब्रा पट्ट्यांच्या पुढे गेली होती. एक आजी काठी आपटून बरंच बोलल्या. उपाय सोपा आहे. घरातून निघाल्यावर आधी दोन-तीन चकरा मारून ब्रेक तापवायचे, मग ऑफिसचा रस्ता धरायचा.
ऑफिसला उशीर झाला. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. बदलीचा विषय काढण्याची ती वेळ नव्हती.

१४ मार्च, शनिवार
रोल केज, म्हणजे गाडीच्या आत लोखंडी पाइपांचा पिंजरा, बसला. गाडी उलटली तरी आतल्या माणसाच्या केसाला धक्का लागणार नाही. हे सगळं शेवटी कुटुंबासाठीच चाललंय, पण सांगणार कोणाला?
दारात एक लोखंडी पाइप आडवा येतो. बायकोला म्हटलं, बसून बघ. तिची कंबर धरलेली असते. एक पाय आत टाकला, वर हाताला धरायला काही सापडेना, मग तशीच अर्धी आत, अर्धी बाहेर उभी राहिली. म्हणाली, याला गाडीत बसणं नाही म्हणत, याला कुंपणावरून उडी मारणं म्हणतात.
बॅगा कुठे ठेवायच्या, असंही विचारलं. मागे आता पाइपच पाइप. म्हटलं, एक मांडीवर घे. म्हणाली, आणि दुसरी? डोक्यावर?
विनोदी आहे स्वभावाने.
रात्री मेव्हण्याचा फोन. भावोजी, ताईला सोडायला मी येऊ का, माझ्या गाडीत ऐसपैस जाईल. साफ नाही म्हटलं. घरात गाडी असताना दुसऱ्याच्या गाडीतून कशाला?

१९ मार्च, गुरुवार
शेजारची सीट काढली. तात्पुरती. तिच्या जागी हलकी बकेट सीट येणार आहे, ऑर्डर गेली. जुनी सीट भलतीच जड निघाली. गादी, फोम, आत मोटर, कंबरेला आधार. एवढं सगळं करायचं काय?
बिल्डिंगच्या वॉचमनचं स्टूल मोडलं होतं, त्याला सीट देऊन टाकली. केबिनमध्ये विटांवर ठेवून, मागे रेलून बसला. म्हणाला, साहेब, आता ड्यूटी संपली तरी घरी जावंसं वाटणार नाही. कोणाचं भलं झालं की बरं वाटतं.
बायको म्हणाली, मग मी कुठे बसायचं?
म्हटलं, नवी येतेय.
आणि वेळेत नाही आली तर?
हे नेहमीचं आहे. आपण काही उभं करायला जावं आणि घरातूनच शंका.

२२ मार्च, रविवार
बायकोने सामान बांधायला काढलं. सध्या दोन बॅगा घेऊन जाईल, बाकीचं नंतर. दिवसभर खोक्यांना चिकटपट्टी मारल्याचा आवाज. संध्याकाळी स्वयंपाकघरात गेलो तर मांडणी निम्मी रिकामी. माझ्यासाठी एक कप, एक ताट, एक तवा आणि एक पातेलं ठेवलं होतं.
म्हणाली, तुला एवढं पुरेल ना?
म्हटलं, पुरेल की. हलकं बरं.
बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. वजनाचं महत्त्व आता तिलाही पटायला लागलंय.

२५ मार्च, बुधवार
साहेबांनी आपणहून केबिनमध्ये बोलावलं. डेपोतली जागा रिकामी झालीय, तुझी बायको तिकडे निघालीय म्हणे, हवी असेल तर तुझं नाव टाकतो. शुक्रवारपर्यंत हो-नाही कळव.
म्हटलं, सोमवारी सांगितलं तर?
म्हणाले, शुक्रवार म्हणजे शुक्रवार. तिकडे रांग लागलीय.
हे बायकोला लगेच सांगितलं नाही. रविवारी संध्याकाळी, तिच्या नव्या घरी, चहा पिताना सांगेन. ट्रॅकवरून आलेला, हेल्मेट हातात, आणि वर ही बातमी. चेहरा बघण्यासारखा होईल.

२७ मार्च, शुक्रवार
रजा टाकली. ट्रॅकचे टायर बसवले. कोरड्या डांबराला घट्ट चिकटतात, पण पावसाची सर आली तर गाडी जिथे असेल तिथे ठेवून चालत जावं, असं उस्ताद म्हणाला. पाऊस येणार नाही.
साहेबांचा फोन दोनदा वाजला. हात ग्रीसने भरलेले. नंतर करू म्हटलं, मग राहिलं. साहेब समजूतदार आहेत, सोमवारपर्यंत थांबतील.
बकेट सीट आली. तिच्याखालच्या पट्ट्या दुसऱ्याच गाडीच्या निघाल्या. उस्ताद म्हणाला, होऊन जाईल साहेब, सोमवार-मंगळवारी. बायकोला सुचवलं, मोकळ्या जागेत दोन उशा टाकू, पाठ केजला टेकव, दीड तासाचा तर प्रश्न आहे.
महिन्याभरात पहिल्यांदाच हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. म्हणजे तयार आहे.

२८ मार्च, शनिवार
शेवटचं काम. गाडी खाली घेतली. गॅरेजची लिफ्ट बिघडली होती म्हणून उस्ताद स्वतः आमच्या तळघरात आला. नवं सस्पेन्शन, पुढे बंपरखाली जमिनीलगत स्प्लिटरची फळी. गाडी आता कशी दबा धरून बसल्यासारखी दिसते! मी टेप काढून जमिनीपासून छतापर्यंत उंची मोजली. जगातल्या कुठल्याही पुलाखालून जाईल.
सेक्रेटरी टॉर्च घेऊन वाकून बघत होते. म्हणाले, रॅम्प चढेल ना? उद्या सकाळी सगळ्यांना बाहेर पडायचंय. म्हटलं, काका, एकोणीस वर्षं मी दुसरं काय करतो?
बायकोने टॅक्सीचा नंबर काढून ठेवलाय. ‘असू दे हाताशी’ म्हणाली. वाईट वाटलं. उद्या आपोआप कळेल.

२९ मार्च, रविवार, सकाळी
रॅम्पवरून लिहितोय. गाडीतच आहे.
सुरुवात चांगली झाली. रॅम्पच्या वरच्या टोकाला, जिथे चढ संपून रस्ता लागतो, तिथे स्प्लिटर मोडला, पण गाडी पुढे सरकली. मग पोट टेकलं. चाकं फिरतात, गाडी हलत नाही, खालून एक्झॉस्ट चेपला गेला असावा. मागे बिल्डिंगच्या गाड्यांची रांग. तिसऱ्या मजल्यावरची डॉक्टरीण हॉर्नवरून हात काढत नाही. अलार्म पुन्हा सुरू झालेत.
बायको दोन्ही बॅगा घेऊन रॅम्पच्या कडेने, भिंतीला घासत वर आली. आणि खिडकीपाशी थांबली. मी पाच पट्ट्यांच्या बेल्टमध्ये अडकलेलो, डोक्यात हेल्मेट. तिने हेल्मेटची काच वर करायची खूण केली. म्हणाली, टॅक्सी मागवलीय. गाडी राहू दे इथे, लोक काढतील. तू चल माझ्याबरोबर.
म्हटलं, अशी टाकून कसा येऊ?
बरं, म्हणाली.
बॅग उचलताना माझ्या हेल्मेटवर टिचकी मारली. मग गेटकडे गेली. मला पट्ट्यांमुळे मान वळवता येत नव्हती.

दुपारी
आठ जणांनी उचलून गाडी परत खाली आणली. सेक्रेटरींनी पाठीमागून सूचना दिल्या. एक गोष्ट मात्र सिद्ध झाली: एसी, कार्पेट आणि ती जड सीट असती, तर आठ जणांना उचलली नसती. वजन उतरवण्याचा निर्णय योग्यच होता.
ट्रॅकवाल्यांना फोन केला. पुढच्या खेपेला या, म्हणाले. गाडीत आता एकच माणूस असणार, त्यामुळे पुढच्या खेपेला आणखी हलके असू.

३० मार्च, सोमवार
डेपोची जागा माझ्या हाताखालच्या पोराला मिळाली. लग्नसुद्धा झालेलं नाही त्याचं. साहेबांना म्हटलं, मी आज सांगणार होतो. म्हणाले, मी शुक्रवारी विचारत होतो. आणि म्हणे तू रॅम्पवर अडकलास? तू?
सगळ्या ऑफिसला कळलंय. मी समजावून सांगितलं की आमच्या कामात उंची वरून बघतात, खालून बघण्याची पद्धत नाही. शिपाईसुद्धा तोंड फिरवून हसत होता.
घरी येताना वॉचमनने थांबवलं. तुमच्या सीटवर काल मॅडम बसल्या होत्या, म्हणाला. कंबरेला फार आराम पडतो म्हणाल्या. टॅक्सी लगेच आली होती, पण त्यांनी ती परत पाठवली. साहेब येतायत, थांबते म्हणाल्या. रॅम्पकडे बघत बसल्या होत्या. मग दुसरी टॅक्सी आली तिच्यातून गेल्या.
पहिली टॅक्सी कळकट असणार. ती अशा बाबतीत फार चोखंदळ आहे.

२ एप्रिल, गुरुवार
बायकोचा फोन. घर चांगलं आहे, ऑफिस जवळ आहे, चालत जाते. आवाजात थकवा नव्हता. मी डेपोचं सांगितलं. साहेबांनी घाई केली म्हटलं. बरं, म्हणाली. मेव्हण्याला मी सोमवारीच सांगितलं होतं, त्याच्याकडून आधीच कळलेलं दिसतं.
विषय बदलावा म्हणून विचारलं, त्या दिवशी चक्कर मारायला गेलो होतो, तेव्हा काय म्हणत होतीस ग?
म्हणाली, मी विचारलं होतं, बदली नको म्हणून सांगायला अजून दोन दिवस आहेत. मी एकटी गेले तर चालेल का तुला?
मग तीच म्हणाली, तू अंगठा दाखवलास.
तो एक्झॉस्ट मुळात जास्त मोठा होता. उस्तादने आधी सांगायला हवं होतं.
ठरवलं. गाडी पुन्हा होती तशी करायची. ट्रॅकचं नंतर बघू. आधी शेजारची सीट. वॉचमनकडे गेलो. तो रेलूनच होता. म्हणाला, साहेब, दिलेली वस्तू परत मागता? मग डोकं खाजवून म्हणाला, रात्रपाळीवालाही हिच्यावरच बसतो, त्याला विचारून सांगतो. उस्तादला फोन केला, शनिवारच्या आत एसी, सीट, सगळं बसेल का? होऊन जाईल, म्हणाला.
शनिवारी सकाळी दहाला ती येतेय. मेव्हण्याबरोबर, टेम्पो घेऊन, उरलेलं सामान न्यायला. मला एकच काम सांगितलंय. रॅम्प तेवढा मोकळा ठेव.